खपलीला गेरवा कसा कळतो?

पानाआडचं जग : लेखांक ९

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९२२ च्या सुमारास गव्हाच्या बारा वाणांची एक यादी पक्की झाली. लिटल क्लब, मार्क्विस, कॅनरेड, कोटा, अर्नॉटका, मिंडम, स्पेलमार, कुबांका, ॲक्मे, आइनकॉर्न, व्हर्नल आणि शेवटचं, बारावं नाव खपली. होय, आपलीच खपली. सांगली-साताऱ्याकडे जिची खीर होते, जिच्या शेवयांना वेगळाच रंग येतो आणि अलीकडे शहरातल्या दुकानांत जी साध्या गव्हाच्या दुप्पट भावानं मिळते, तीच.

नाव तिला टरफलावरून मिळालं. साध्या गव्हाची मळणी झाली की दाणा मोकळा होतो. हिचा होत नाही, तो टरफलाची खपली अंगाला धरून बसतो. म्हणून ती आधी उखळात कांडायची, मग पाखडायची आणि मगच जात्यावर न्यायची. एवढी उस्तवार कोण करणार, म्हणून ती मागे पडली. मग मिनेसोटाच्या काचघरात तिचं काय काम होतं? तिथे तिला कोणी खाण्यासाठी लावली नव्हती. तिच्याकडून साक्ष काढायची होती. कोणत्या शेतातून कोणता गेरवा आला आहे, हे त्या बारा रोपांच्या पानांवरून वाचायचं होतं.

गेल्या आठवड्यात आपण पाण्याचा ताण पडल्यावर पान आपली रंध्रं कशी मिटून घेतं ते पाहिलं. ज्या दारातून वाफ बाहेर जाते त्याच दारातून चोरही आत येतो, असं म्हणून आपण थांबलो होतो. आजचा लेख त्या चोराचा, आणि त्याहून जास्त त्याला ओळखणाऱ्याचा.

गेरू लागलेली बोटं

गेरवा म्हणा, तांबेरा म्हणा, दोन्ही नावं रंगावरून पडली आहेत. लागण झालेल्या गव्हाच्या खोडावरून बोट फिरवलं तर विटकरी भुकटी हाताला लागते. अंगण सारवून गेरूचे पट्टे ओढलेल्या हातासारखं बोट दिसतं. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एकेका पुळीतून ते हजारोंनी सुटतात आणि वाऱ्यावर स्वार होतात. गव्हावर गेरवे तीन. पिवळ्याला कडक थंडी हवी, म्हणून तो उत्तरेत. आपल्याकडे पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा, पुढे काळा पडणारा, हे दोघे. आज आपल्याला गाठायचा आहे तो खोडावरचा. ओंबीत दूध भरत असताना तो आला तर दाण्याकडे जाणारा रस वाटेतच संपतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातल्या गव्हाची त्यानं मोठी नासाडी केली होती.

मे महिन्यात आपल्या मैदानी मुलखात ना गहू उभा असतो, ना ते बीजाणू त्या उन्हात जगतात. मग दर हिवाळ्यात हा पाहुणा येतो कुठून? हे कोडं उकलण्यात आग्र्याच्या करम चंद मेहता यांनी आयुष्य वेचलं. युरोप-अमेरिकेत ही बुरशी बारबेरीच्या झुडपावर आसरा घेते. भारतात त्या झुडपाचा या कामी उपयोग होत नाही, हे त्यांनी दाखवलं. दक्षिणेत ती निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत उन्हाळा काढते आणि थंडीच्या तोंडावर वाऱ्यापावसाबरोबर उत्तरेकडे सरकते. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, ते तिथल्या थंड हवेमुळेच. खाली घाम निथळत असताना वर रोपंही जगतात आणि त्यांच्यावरचा गेरवाही.

पानावर पडलेला बीजाणू दवाच्या थेंबात रुजतो. त्यातून बारीक नळी निघते, ती पानाच्या पृष्ठावर चाचपडत रंध्र गाठते आणि आत उतरते. आत गेल्यावर बुरशी पेशीची भिंत पोखरते, पण पेशीला मारत नाही. भिंत आणि आतलं आवरण यांच्या बेचक्यात ती एक फुगीर बोंडूक घुसवते आणि तिथून अन्न ओढत राहते. गेरव्याला जिवंत पेशीच लागते. हे लक्षात ठेवावं, कारण पुढचं सारं यावर अवलंबून आहे.

शून्यापुढचा अर्धविराम

केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये एक मोठी गोष्ट दाखवून दिली. गव्हाची पिवळ्या गेरव्याला दाद न देण्याची खोड मेंडेलच्या नियमानं पुढच्या पिढीत उतरते. त्यांच्या संकरात दुसऱ्या पिढीत सुमारे तीन रोपं रोगाला बळी पडणारी आणि एक टिकणारं, असा हिशेब आला. म्हणजे 'हा वाण काटक आहे' या बोलण्यामागे मोजता येईल असं जनुक होतं. संकर करायचा, टिकणारं रोप निवडायचं, संपलं. पैदासकारांना वाट सरळ दिसू लागली.

पण वाण सर्वत्र सारखा टिकेना. एका प्रांतात निर्धास्त उभा असलेला गहू दुसऱ्या प्रांतात गेरूनं माखायचा. मिनेसोटाच्या एल्विन स्टॅकमन यांनी त्याचं कारण शोधलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखा दिसणारा गेरवा एकच नसतो, त्याचे अनेक वंश असतात. प्रत्येक वंशाला वेगवेगळे वाण चालतात आणि वेगवेगळे चालत नाहीत. वंश नजरेनं ओळखू येत नाही, म्हणून ती बारा वाणांची यादी. बाराही वाणांच्या रोपांवर नमुना शिंपडायचा आणि कोण पडलं, कोण उभं राहिलं यावरून वंशाला क्रमांक द्यायचा.

ही चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. आठवडाभराचं रोप, एकच पान पुरतं उलगडलेलं. त्यावर बीजाणू लावायचे, रात्रभर ओलाव्यात ठेवायचं आणि दोनेक आठवड्यांनी पान उजेडात धरायचं. काही पानांवर मोठाल्या, भुकटीनं भरलेल्या पुळ्या असतात. त्यांना ४ गुण, म्हणजे रोप पुरतं हरलं. कुठे लहान पुळी आणि तिच्याभोवती पिवळं-करडं कडं, त्याला २ किंवा १. आणि काही पानांवर पुळी अजिबात नाही, नुसते टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके. त्यांच्यासाठी नोंदवहीत शून्य लिहून पुढे अर्धविराम काढतात. त्या ठिपक्यात मेल्या आहेत त्या झाडाच्याच पेशी, बुरशीनं हात लावलेल्या. आजूबाजूचं पान मात्र हिरवंगार.

स्टॅकमन यांनी १९१५ मध्येच या प्रकाराला अतिसंवेदनशीलता असं नाव दिलं होतं. बुरशीला जिवंत पेशी हवी, आणि झाड तीच तिच्या हातातून काढून घेतं. त्या काळच्या बहुतेक वंशांसमोर खपलीच्या पानावर असेच ठिपके किंवा फार तर बारीक पुळ्या दिसत.

टणक, जाड खपलीचा गहू, म्हणून त्याला कीड-रोग लागत नसणार, असं वाटणं साहजिक आहे. पण आठवड्याच्या रोपाला कुठली ओंबी आणि कुठली खपली? जे काही घडत होतं ते पातळ, कोवळ्या पानात घडत होतं.

जवसानं सांगितलेलं सूत्र

उलगडा केला तो गव्हानं नाही, जवसानं. विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी घरोघरी असलेल्या जवसावरही गेरवा पडतो, पण ती बुरशी निराळी. अमेरिकेत नॉर्थ डाकोटामध्ये हॅरॉल्ड फ्लोर १९४० च्या दशकात या जोडीवर काम करत होते. जवसाच्या वाणांचे संकर सगळेच करत. फ्लोर यांनी बुरशीचेही संकर केले आणि दोन्हीकडच्या पिढ्यांचे हिशेब शेजारी मांडले. आकडे जुळले. झाडात प्रतिकाराचं एक जनुक असेल, तर बुरशीतही त्याच्या जोडीचं एक जनुक असतं. दोघं समोरासमोर आली तरच झाड वाचतं. त्यातलं कोणतंही एक नसलं तर रोग होतो. जनुकास जनुक, असं हे सूत्र.

त्यातली गंमत अशी, की आपल्याला पकडून देणारं जनुक बुरशी बाळगतेच कशाला? याचं उत्तर पुढे रेणूंच्या पातळीवर सापडलं.

झाडाला आपल्यासारख्या रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीनं आपला पहारा आपणच करायचा. पहिला पहारा पेशीच्या आवरणावर. बुरशीच्या भिंतीतला कायटिन हा पदार्थ झाडात नसतो. त्याचे तुकडे जाणवले की पेशी सावध होते, भिंत जाड करते आणि विषारी रसायनं सोडते. एवढ्यावर बहुतेक परके परत फिरतात. गेरव्यासारखा मुरलेला शत्रू मात्र त्या बोंडुकातून आपली प्रथिनं पेशीच्या आत सोडतो. त्यांना आपण हस्तक म्हणू. पेशीतला गजर बंद करणं आणि अन्नाची वाट मोकळी करणं ही त्यांची कामं. म्हणून बुरशी त्यांना सोडून देऊ शकत नाही.

दुसरा पहारा नेमका या हस्तकांवर असतो. खपलीतलं एसआर १३ किंवा रानटी-जुन्या गव्हाच्या कुळातलं एसआर ३५ ही जनुकं पेशीच्या आत फिरणारी पहारेकरी प्रथिनं बनवतात. (एसआर ही खोडावरच्या गेरव्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.) एसआर ३५ चं काम २०२२ मध्ये इतकं स्पष्ट दिसलं की त्याचं चित्र काढता आलं. गेरव्याचा ठरावीक हस्तक भेटला की पहारेकऱ्याची घडी उलगडते. अशी पाच प्रथिनं एकत्र येऊन एक चकती तयार होते, आणि तिच्यामुळे आवरणातून कॅल्शियम पेशीत धो धो येऊ लागतं.

कॅल्शियम हा पेशीतला हाकारा आहे. एरवी पेशी त्याला आत फार थोडं ठेवते, म्हणूनच ते वाढलं की सगळ्यांना कळतं. गेल्या वेळी रंध्र मिटतानाही आपल्याला हाच हाकारा भेटला होता. ताण दुष्काळाचा असो, जखमेचा असो की रोगाचा, सुरुवातीच्या हाका बऱ्याचशा सारख्याच असतात. फरक पडतो तो हाक किती मोठी, किती वेळ आणि तिच्या जोडीला काय, यानं. इथे हाक लांबते, पेशी स्वतःला संपवते आणि पानावर एक ठिपका उमटतो.

मरता मरता ती शेजाऱ्यांना निरोप देते. १९६१ मध्ये ए. फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या एका पानाला विषाणू लावला. काही दिवसांनी त्याच झाडाच्या दुसऱ्या पानांना लावला, तर तिथले डाग लहान आणि कमी. झाडानं बोध घेतला होता. १९७९ मध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात चक्क ॲस्पिरिन टोचलं आणि तसाच परिणाम मिळवला. कारण ॲस्पिरिनचं सख्खं भावंड असलेलं सॅलिसिलिक आम्ल हे झाडाच्या स्वतःच्या इशारायंत्रणेतलं रसायन आहे. आपण डोकं दुखलं की घेतो, ते मुळात विलोच्या सालीवरून सुचलेलं औषध. विलोला डोकेदुखी नव्हती, पण शत्रू होते.

गजराची किंमत

इतकी चोख व्यवस्था असेल तर सगळीच झाडं सदैव सज्ज का नसतात? कारण गजर महाग आहे. संरक्षणाची प्रथिनं बनवणाऱ्या पेशीकडे वाढीसाठी तेवढं उरत नाही. ज्या रोपांत हा गजर विनाकारण वाजत राहतो ती खुजी राहतात आणि शत्रू नसतानाच त्यांच्या पानांवर डाग पडतात. त्याहून मोठा धोका म्हणजे ठिपक्याचं हे शस्त्र सगळ्या शत्रूंवर चालत नाही.

अमेरिकेत १९४० च्या दशकात ओटच्या शेतांतून व्हिक्टोरिया नावाच्या वाणाची संतती पसरली. त्यातलं एक जनुक ओटच्या गेरव्याला उत्तम रोखत होतं. मग १९४६-४७ च्या सुमारास, म्हणजे इकडे मध्य भारतात गहू करपत होता त्याच काळात, तिकडे एका निराळ्याच बुरशीनं त्या ओटचा फडशा पाडला. ही बुरशी मेलेल्या पेशीवर जगते. तिनं एक विष सोडायचं, झाडाच्या पहारेकऱ्यानं ते शत्रू समजून गजर करायचा, पेशीनं आत्मत्याग करायचा आणि बुरशीनं आरामात जेवायचं. पैदासकारांनी गेरव्याचा प्रतिकार ठेवून ही नवी दुर्बलता वेगळी काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण दोन्ही सुटी होईनात. शत्रू कोण आहे त्यावर वरदान की शाप हे ठरत होतं.

म्हणून झाडाला दोन प्रकारचे इशारे सांभाळावे लागतात. जिवंत पेशीवर पोसणाऱ्यांसाठी मुख्यतः सॅलिसिलिक आम्लाचा. मेलेल्यावर पोसणाऱ्यांसाठी आणि पानं कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी जास्मोनिक आम्लाचा. जाईच्या तेलातल्या सुगंधी द्रव्यावरून दुसऱ्याला हे नाव पडलं. पुष्कळदा एक चढला की दुसरा उतरतो, आणि हे काही लबाड जीवाणूंनीही हेरलं आहे. ते जास्मोनिकसारखं रसायन स्वतःच बनवून झाडाला चुकीचा इशारा देतात.

यात भर हवामानाची. विषाणूला ओळखणारं तंबाखूचं एन नावाचं जनुक २८ अंशांच्या वर नांगी टाकतं आणि थंड हवेत आणलं की पुन्हा कामाला लागतं. गव्हातलं एसआर ६ असंच उन्हात ढेपाळणारं. पण खपलीतलं एसआर १३ उलट्या स्वभावाचं. १५ अंशांपेक्षा २५ अंशांना ते गेरव्याला अधिक ताकदीनं रोखतं. हे जनुक २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. तेव्हा दिसलं की ऊब वाढली म्हणून पहारेकरी वाढत नाहीत, त्यांची संख्या तेवढीच राहते. ऊब, एसआर १३ आणि गेरवा ही तिन्ही एकत्र आली तरच संरक्षणाची सहा जनुकं जोरात चालू होतात. मार्चच्या उन्हात ओंबी भरणाऱ्या आपल्या मुलखासाठी हा स्वभाव अगदी कामाचा.

एकट्या पहारेकऱ्याचं काय होतं

खपलीचं हे धन ब्रेडच्या गव्हात आणणं सोपं नव्हतं. खपलीची गुणसूत्रं २८, साध्या गव्हाची ४२. संकर झाला तरी संतती बहुधा वांझ. सिडनीच्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल नावाचा गहू आणि खपली यांचा संकर चिकाटीनं तडीस नेला. जन्माला आलेल्या वाणाचं नाव ठेवलं खॅपस्टाइन. अर्धी खपली, अर्धा स्टाइनवेडेल. एसआर १३ चा अभ्यास पुढे बराच काळ त्याच्याच वंशजांवर झाला.

पण कोणत्याही एका पहारेकऱ्यावर गाव सोडून निर्धास्त झोपता येत नाही. एसआर ३५ ज्याला ओळखतं त्या हस्तकाच्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसला, आणि त्या गेरव्याचा हस्तक ओळखू येईनासा झाला. बुरशीचे कोट्यवधी बीजाणू, त्यात एखाद्याची अशी चूक त्याच्या पथ्यावर पडते, आणि मग शेतात त्याचंच राज्य. राय या धान्याकडून आलेलं एसआर ३१ जगभरच्या गव्हात पसरलं होतं, अनेक वर्षं टिकलंही होतं. १९९८ मध्ये युगांडात त्याला जुमानत नसलेला गेरवा सापडला. पुढच्या वर्षी त्याला यूजी ९९ हे नाव मिळालं. तो केनिया, इथिओपिया, येमेन असा सरकत २००७ मध्ये इराणमध्ये दिसला. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग नव्वदी ओलांडलेले असताना पुन्हा कंबर कसून जगाला सावध करत फिरले, ते याच्यासाठी. त्या यूजी ९९ लाही खपलीचं एसआर १३ ओळखतं. पण एसआर १३ ला चकवणारे वंशही इथिओपियात सापडले आहेत.

म्हणून आता पैदासकार एकाच वाणात तीन-चार पहारेकरी बसवायला बघतात. बुरशीला एकदम चारही ठिकाणी वेश बदलणं जवळजवळ अशक्य. जोडीला एसआर २ सारखी जनुकंही घेतात. ती पूर्ण अडवत नाहीत, ठिपकेही पाडत नाहीत, फक्त गेरव्याची चाल मंदावतात. पण दशकानुदशकं टिकतात. तेही आलं खपलीच्याच भावकीतल्या यारोस्लाव नावाच्या रशियन गव्हातून.

इकडे खपलीही बसून राहिलेली नाही. उंच वाढून लोळणारी जुनी खपली बुटकी व्हावी म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस २९७१ आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीडीके १०२५ असे वाण दिले. गुळाच्या खिरीसाठी ती कांडायची कटकट तेवढी तशीच आहे.

पुढच्या वेळी दुकानात खपलीची पिशवी हातात घेतलीत तर तिच्यातली टरफलं केव्हाच पाखडून गेलेली असतील. शंभर वर्षांपूर्वी मिनेसोटात ती ज्यासाठी ओळखली गेली, ते मात्र त्या दाण्यात शाबूत असू शकतं. कुठे मूठभर न कांडलेले दाणे मिळाले तर कुंडीत पेरून पाहा. आठव्या दिवशी जे एक कोवळं पान उलगडेल, त्याच्या प्रत्येक पेशीत पहारा सुरू झालेला असेल.

*पुढच्या आठवड्यात : अळी एक पान कुरतडते, आणि टोमॅटोच्या दुसऱ्या टोकाचं पान कडवट होतं. जास्मोनिक आम्लाची गोष्ट.*